दिवाळीच्या आत

"दिवाळीच्या आत गेले तर पोटनिवडणूक लागेल, आणि तिकीट वहिनींचं. दिवाळीनंतर गेले तर मुदतीचं वर्षही उरत नाही, जागा तशीच रिकामी राहणार. मग पुढच्या वेळी तुम्हाला कोण विचारतो?" मुंबईहून आलेले पक्षनिरीक्षक चहात बिस्किट बुडवत म्हणाले.

आमदार श्रीपतराव पलंगावर पडून हे ऐकत होते. लोक त्यांच्या उशाशी खुशाल बोलत होते, कारण पक्षाघाताच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, यांना आता काही कळत नाही. कळत नाही कसलं! चांगलं कळत होतं. फक्त जीभ वळत नव्हती आणि अंग हलत नव्हतं. एकदा माईक हातात आला की सोडायचं नाव न घेणारा माणूस, आणि आज तोंडातून लाळेशिवाय काही बाहेर येत नव्हतं.

"ख्रिस्ती गावांत काय वातावरण?" निरीक्षकांनी विचारलं.

"भरपूर सहानुभूती आहे, साहेब," कॉन्रॅड म्हणाला. पश्चिमेकडच्या गावांतली मतं तोच सांभाळायचा. "दर रविवारी मिस्सात प्रार्थना होते. बरे व्हावेत म्हणून."

"होऊ द्या, होऊ द्या. देव काय लगेच ऐकतो थोडाच!"

कॉन्रॅडने मान खाली घातली, पण हसू त्यालाही आलंच.

तेवढ्यात पुतण्या विकी फोटोवाल्याला घेऊन आला. एव्हरशाईन सिटीपासून पार चिंचोटीपर्यंत बॅनर लागायचे होते. "काकी, फिकट साडी नेसून ये," तो म्हणाला. "आणि मंगळसूत्र काढून ठेव. आत्ताच काढून घेऊ फोटो, ऐनवेळी धावपळ नको." बोलताना मेल्याची जीभ जराही अडखळली नाही. या कार्ट्याला श्रीपतरावांनी कडेवर घेऊन फुलपाडा गावभर मिरवलं होतं.

आता पायथ्याशी बसलेली जागृती उठेल आणि एकेकाला चपलेनं हाणेल, असं त्यांना वाटलं. बायकोशिवाय हक्काचं उरलं होतं कोण? जागृती उठली खरी. आत गेली आणि फिकट साडी नेसून बाहेर आली. गळा मोकळा होता.

"बरी दिसते ना?" तिने निरीक्षकांना विचारलं.

"झकास. पण वहिनी, भाषण जमेल?"

"महिला राखीव वॉर्डातून नगरसेविका होते मी," जागृती म्हणाली. "माझ्या केबिनमध्ये माझ्या खुर्चीत हे बसायचे आणि मी बाजूला स्टुलावर. सही कुठे करायची ते बोटानं दाखवायचे. सभागृहात तोंड उघडायचं नाही, अशी तंबी. सगळी भाषणं साठून राहिलीत माझ्याकडे."

सगळे खो खो हसले. श्रीपतरावांना ते नाकारता येईना. खरं होतं, शब्द न् शब्द खरा होता. पण म्हणून काय जिता माणूस स्मशानात पोहोचवायचा?

फोटोवाला उजेड बघायला गॅलरीत गेला, त्याच्यामागे विकी आणि कॉन्रॅड. निरीक्षक फोन कानाला लावून दारात पाठमोरे उभे राहिले. जागृती नॅपकिन घेऊन पलंगाशी आली, नवऱ्याची लाळ पुसायला वाकली. आत्ताच, श्रीपतरावांनी मनाशी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. होता नव्हता तेवढा जीव त्यांनी डाव्या हातात आणला. करंगळी हलली. मग अख्खा हात वीतभर उचलला गेला आणि थरथरत तिच्या पदरापर्यंत पोहोचला. पदराचं टोक मुठीत आलं. काय आनंद झाला हो त्या माणसाला! डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

जागृतीने त्या मुठीकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, बराच वेळ. यांना सगळं कळतंय, सगळं ऐकलंय यांनी, हे तिला समजलं.

"काय झालं, वहिनी?" निरीक्षक मागे वळले. "काही हललं का?"

तिने एकेक बोट उलगडून पदर सोडवून घेतला. हात चादरीखाली सारला आणि चादर गादीखाली घट्ट खोचली.

"पंख्यानं चादर उडतेय," ती म्हणाली. "विकी, पंखा बंद कर रे."