तारेची रवी

रेवणप्पांनी डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. डबा घासून लख्ख!

"महेश्वरी, ह्यातलं आंबवण कुटं हाय?"

सून हातातला फडका तसाच घेऊन आली. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, ही रीत तिला सासूनेच, सिद्धम्मानंच, घालून दिलेली. अंथरुणं, पडदे, फडताळातली भांडी, काही म्हणून सोडायचं नाही. त्या धडाक्यात हा डबाही निघाला होता. तिने तोंडावर हात नेला.

"अगंबाई! मामा, माज्या ध्यानातच न्हाय आलं..."

आता तिला तरी काय बोलणार? सिद्धम्मा दोशाच्या पिठातलं वाटीभर जुनं राखून ठेवायची आणि नव्यात मिसळायची. कधी हौसेनं त्यातलंच घालून घरी पाव भाजायची. शिवरात्रीला ती गेली, पण तिच्या हातचं पीठ संपलं नव्हतं. महेश्वरीनं ते पुढं चालवलं होतं. रेवणप्पा दोसा मोडायचे तो बायकोच्याच हातचा म्हणून. आणि आज सगळं मोरीतून वाहून गेलं.

ते उठून खोलीत गेले. कपाटातून फडक्यात गुंडाळलेली तारेची रवी काढली. अनिलकुमारनं आईचा हात दुखतो म्हणून आणलेली. दुकानदार म्हणाला होता, ही अंडी फेटायची. बाप रे, सिद्धम्मा काय भडकली होती पोरावर! लिंगायताच्या घरात असलं यंत्र? मग तिनंच ती उकळत्या पाण्यानं धुतली, वर विभूती लावली आणि पीठ फेटायला घेतली ती कायमची. तिनं शेवटचं फेटलेलं पीठ तारांवर वाळून पापुद्रा झालं होतं. रेवणप्पांनी ती कुणाला धुऊ दिली नव्हती. दुपारी एकटे असले की ते ती हातात घेऊन नुसते बसून राहायचे.

आजही क्षणभर घट्ट धरली. मग स्वयंपाकघरात येऊन सुनेनं वाटलेल्या ताज्या पिठात बुडवली.

"मामा! आत्यांची आठवण हाय ती!"

"म्हणूनच की."

ते सावकाश फेटत राहिले. पापुद्रे भिजले, सुटले, पिठात दिसेनासे झाले. तारा मोकळ्या चकचकीत झाल्या, तसं त्यांना गलबलून आलं. पातेल्यावर झाकण घालून ते तिथंच सतरंजीवर लवंडले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पंखा घरघरत होता. डोळा लागतोय न लागतोय तोच ओट्याशी कुणी उभं राहिलं. बांगड्या किणकिणल्या, पीठ फेटल्याचा आवाज यायला लागला. त्यांनी उठायला हात टेकला.

"मलकोरी," ती पाठमोरीच कानडीत म्हणाली. पडून राहा की, एवढी कसली घाई?

ते पडून राहिले. लई दिवसांनी अशी झोप लागली.

"मामा, या बगू लवकर!"

दिवेलागण झाली होती. पिठानं झाकण उचलून धरलं होतं आणि एक ओघळ पातेल्यावरून खाली ओट्यावर आला होता. महेश्वरी हे उन्हानं झालं असं म्हणाली नाही. तिनं आधी वाटीभर पीठ काढून बाजूला ठेवलं. मग ती रवी उचलून घुटमळली.

"ही परत कपाटात ठिवू का?"

रेवणप्पांनी रवीकडं पाहिलं.

"नगं. घासून हितं खिळ्याला अडकव. उद्या लागंल की."