पुरे

काळ्या रानात पेरलेला वैजनाथच्या घराचा पाया आपोआप खोल वाढत होता. खाली मुरूम लागला की घरधन्यानं 'पुरे' म्हणायचं, मग तो कायमचा थांबे. शेजारच्या धोंडिबांच्या तोंडून हा शब्द ताक घेताना, मुरूम लागण्याआधीच निसटला होता. त्यांच्या भिंती दर पावसाळ्यात तडकतात.

त्याच रानातल्या मांडवात वैजनाथ जेवत होता. जावयानं 'पुरे' म्हटल्याशिवाय वाढणारीनं थांबायचं नाही, ही सासूबाईंच्या माहेरची रीत. वैजनाथनं मान हलवली, ताटावर हात आडवा धरला, तरी पुरणपोळी येतच राहिली. तो मुकाट्यानं गिळत होता.

अखेर जमिनीतून आवाज आला, "मुरूम लागला."

सासूबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. "आता म्हणा, जावईबापू."

वैजनाथचं तोंड पोळीनं गच्च भरलं होतं. पाया मुरूम फोडून खडकात शिरू लागला.