दहा सेकंद आधी

"बाबांना दे ना फोन," तिने तिसऱ्यांदा म्हटलं.

"अगं, घसा बसलाय त्यांचा. बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. इथेच बसलेत, मॅच बघतायत," पलीकडून दादा म्हणाला.

"मग कॅमेरा तरी लाव."

"बिघडलाय म्हटलं ना. तू मॅच बघ."

तिने फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला. सातवा महिना होता. डॉक्टरांनी विमान सोडाच, जिनासुद्धा बंद केला होता. पाय उशीवर, साडेतीन वर्षांची लेक कुशीत पेंगुळलेली, शेजारी नवरा. समोरच्या पडद्यावर माहेरच्या गावाचा संघ. त्याच संघाच्या मैदानावर बाबांनी तीस वर्षं चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. ती परदेशी आली तरी मॅच फोन चालू ठेवून सगळ्यांनी मिळून बघायची, हा घरचा नेम होता.

त्यातही गंमत अशी, की बाबांच्या टीव्हीवर मॅच दहा सेकंद आधी यायची. इथे चेंडू अजून मैदानाच्या मधोमध घुटमळत असायचा आणि फोनमधून बाबांची आरोळी यायची, "गेला रे गेला!" मागोमाग खोकल्याची उबळ. मग लेक फुरंगटायची. एकदा दादाने हा सगळा तमाशा रेकॉर्ड करून नातेवाइकांना पाठवला, तेव्हा जो तो पोट धरधरून हसला होता.

पण गेले बारा दिवस बाबांचा आवाजच नव्हता. आधी ते झोपले होते, मग फिरायला गेले होते, आता घसा.

"तुला काही माहीत आहे का रे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कशाचं?" त्याने पडद्यावरून नजर काढली नाही. "घसा बसलाय ते बरंच झालं. आज तरी गोल आधी कळणार नाही."

एरवी ती हसली असती. आज तिने टीपॉयवरचा फोन आणखी जवळ ओढला.

ऐंशी मिनिटं झाली. अजून कोणाचाच गोल नव्हता.

"दादा, आहेत ना रे ते?"

"आहेत गं."

"मग ऐक. घसा बसो नाहीतर काही होवो, गोल झाला की बाबा गप्प बसायचे नाहीत. मला त्यांचा आवाज ऐकू आला पाहिजे. नाहीतर मी उद्याचं तिकीट काढते. डॉक्टर गेले खड्ड्यात."

पलीकडे टीव्हीच्या गलक्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"येईल ऐकू," दादा म्हणाला.

पाच मिनिटं गेली. सहा. पडद्यावर चेंडू अजून आपल्याच गोलकीपरच्या हातात होता.

"गेला रे गेला!" फोन दणाणला. आणि मागोमाग तीच खोकल्याची उबळ.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "ओरडले," ती हसत म्हणाली. "ऐकलंस ना? ओरडले."

नवरा उठून स्वयंपाकघरात गेला.

तिने कुशीतल्या लेकीकडे पाहिलं. एवढ्या आरोळीनेही ती जागी झाली नव्हती. तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. तिच्या केसांवर तिने ओठ टेकवले.

आणि फोनमधून लेकीचा फुरंगटलेला आवाज आला, "आजोबा, आधीच सांगितलंत तुम्ही."