चार रविवार

रिक्षावाल्या सुजीतने दारू पिऊन गाडी चालवल्याचं पहिल्याच तारखेला कबूल केलं, तेही मला, म्हणजे त्याच्या वकिलाला, न विचारता. शिक्षा झाली: दंड, आणि चार रविवार बोईसर स्टेशनबाहेर ‘मी दारू पिऊन रिक्षा चालवली’ असा फलक धरून उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या ऑफिसात हजर. “मॅडम, अपील करायचा हाय.”

मी वैतागलेच. “गुन्हा कबूल केलास, आता अपील कसलं? फार तर शिक्षेबद्दल बोलता येईल.”

“तेवढंच बोलायचं हाय. ती जागा...”

आता लाज वाटतेय होय, असं मनात म्हणत मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. पालघरच्या कोर्टात चांगली वीस मिनिटं बोलले. पहिलाच गुन्हा आहे, चारचौघांत नाचक्की नको, फलकाची शिक्षा रद्द करावी.

न्यायाधीशांनी सुजीतला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

“रद्द नको, साहेब. फकस्त जागा बदला,” तो हात जोडून म्हणाला. “बोईसरला मला कोन वळखतंय? आमच्या शिरगावच्या नाक्यावर उभा करा. मासळीवाल्या बाया तिथूनच रोज माझ्या रिक्षात बसतात. त्या दिवशीपन बसलेल्या.”

“त्या वाचतील फलक?”

“म्हाताऱ्यांना वाचता येत नाय, साहेब. त्यांना मी वाचून दाखवीन.”