भंगारातला कॉम्प्युटर

माझ्या दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकावी का, असं मी मुलाला विचारलं. फोनमधून मान वर न काढता तो म्हणाला, "आई, ते धूड भंगारात दे. तुला जमायचं नाही." मग मीही हट्टाला पेटले. एकेक पायरी वहीत उतरवून घेतली, तीनदा चुकले, चौथ्यांदा सिस्टिम बसली.

आज त्याच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपचं अपडेट एकोणतीस टक्क्यांवर अडकलं आणि दहाची मीटिंग तोंडावर आली. धावतपळत तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. "आई, तुझा पासवर्ड सांग ना, लवकर!"

मी सावकाश चष्मा पुसला.


"घे लिहून, 'तुला जमायचं नाही'. इंग्रजी अक्षरांत, सगळं सलग."