सातची की बाराची

“ती बाराची ठेवून द्या, टटलसाहेब. बोटीवर ती काही कामाची नाही. ही सातची घ्या.”

व्हर्नाने स्वतःच्या गळ्यातली जुनी दुर्बीण काढून म्हाताऱ्याच्या गळ्यात अडकवली. ऑर्विल टटल नेब्रास्काहून देवमासे बघायला आले होते. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली, बारापट मोठं दाखवणारी दुर्बीण त्यांनी विमानात मांडीवर ठेवून आणली होती. आता बोट लाटेवर चढली की त्यांना त्यातून नुसतं आभाळ दिसे, उतरली की नुसतं पाणी. कठड्याशी उभी असलेली मंडळी त्यांची ही फजिती मजेत बघत होती.

“जितकं मोठं दाखवते, तितकंच हलवून दाखवते ती,” व्हर्ना सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. “सातचीत जनावर लहान दिसतं, पण जागेवर राहतं. इतकी वर्षं घसा कोरडा करतेय मी, तरी लोक आपले मोठीच घेऊन येतात.”

लोक हसले. टटलही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

एरवी व्हर्नाने याहून जास्त हसवलं असतं. पाहुण्यांना जनावरं दाखवायची आणि त्यांना खूश ठेवायचं, हेच तिचं काम. आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. या बोटीचा, ‘सांता रोझालिया’चा, कप्तान नीनो याचा धाकटा भाऊ टुरी पहाटे एकटाच छोटी होडी घेऊन खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेला होता आणि वायरलेसवर उत्तर देत नव्हता. “झोपला असेल गाढव,” असं नीनो वरचेवर म्हणत होता आणि दर खेपेला त्याचा आवाज जास्त चढत होता. त्याने तटरक्षकांना कळवलं होतं. बोटीवरच्या लोकांनाही सांगितलं होतं की पांढरी होडी दिसली की ओरडा. मॉन्टेरे उपसागराच्या गार पाण्यात पडलेला माणूस किती वेळ तग धरतो, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. त्यामुळे सगळे होडी शोधत होते.

“तिकडे बघा,” टटल एकदम म्हणाले. त्यांनी पुन्हा बाराचीच डोळ्यांना लावली होती. “पाण्यातून हात वर आलाय.”

नीनोने वरच्या केबिनमधून डोकं बाहेर काढलं. व्हर्नाने टटलांच्या गळ्यातली आपली दुर्बीण जवळजवळ ओढूनच घेतली. लांब, उन्हाच्या तिरिपेत, पाण्यावर काहीतरी काळं उभं होतं. शेजारी गोल काळा उंचवटा होता. तिने रोखलेला श्वास सोडला.

“समुद्रसिंह आहे, नीनो! टुरी नाही.”

नीनोने वळवायला घेतलेली बोट परत सरळ केली. व्हर्ना लोकांकडे वळली. “अंगात हुडहुडी भरली की हे महाशय पाठीवर पडतात आणि एक वल्ह्यासारखा पर वर काढून त्याला ऊन देत बसतात. नवीन माणसाला हमखास हात वाटतो. आराम करतोय बिचारा. जवळ जायचं नाही, कायदाच आहे तसा.”

“पण मला बोटं दिसली हो,” टटल म्हणाले.

“इतकं हलायला लागलं की कशालाही बोटं फुटतात, टटलसाहेब!”

या वेळी लोक जरा जास्तच हसले, कारण मघाशी सगळेच घाबरले होते. लाल टोपीतल्या एका बाईने हात उंचावून हलवला. “पड रे राजा, पड निवांत!” तिचं बघून सगळ्या बोटीने हात हलवले. व्हर्नानेही हलवला. टटलांनी तेवढा हलवला नाही. त्यांनी पुन्हा एकदा दुर्बिणीतून बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी ती दुर्बीण पेटीत घातली आणि गुपचूप बाकावर जाऊन बसले.

बोट बरीच पुढे गेल्यावर वायरलेस खरखरला. कुणा मच्छीमाराला टुरीची होडी सापडली होती. इंजिन चालू होतं आणि होडी रिकामीच गोल गोल फिरत होती.

नीनो केबिनमधून खाली वाकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “व्हर्ना, मघाचा तो समुद्रसिंह कुठे होता?”

तिने बोटानेच दिशा दाखवली.

बोट जिवाच्या आकांताने मागे धावली. व्हर्ना पुढच्या टोकाशी उभी राहून येतील त्या साऱ्या देवांची नावं घेत होती. तिला स्वतःचाच राग येत होता, आणि आपली चूक झालेली नसावी एवढंच ती मागत होती. आणि मग समोर ते काळं दिसलं, तसंच वर उभं. जवळ जाऊन बघतात तो काय, पाठीवर पडलेला एक भलामोठा तपकिरी समुद्रसिंह, एक पर हवेत. इंजिनाच्या आवाजाने त्याने डोळे उघडले, मिशा फेंदारल्या आणि सगळ्यांवर भुंकून बुडी मारली.

नीनोने छातीवर क्रूसाची खूण केली. तो रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. “समुद्रसिंहच गं! तू म्हणालीस तसंच! टुरी पट्टीचा पोहणारा आहे, किनाऱ्याकडे गेला असेल. चला, होडीकडे!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाल टोपीवालीने डोळे पुसले.

व्हर्ना टटलांच्या शेजारी बाकावर बसली. आपण या म्हाताऱ्याला फार चिडवलं, असं तिला वाटलं. “बघितलंत ना? पर होता. तुमचा काही दोष नाही, भले भले फसतात.”

टटल गेलेल्या समुद्रसिंहाकडे बघतच नव्हते.

“तो हा नव्हे, बाई,” ते म्हणाले. “आपण सगळ्यांनी हात हलवले ना, तेव्हा त्यानं दुसराही हात वर केला होता.”