एक तरी मत

समोर कोणीच उभं नसेल तर लोक मतदानाला फिरकणार नाहीत आणि निवडणूकच रद्द होईल, या धास्तीने वीस वर्षं नगराध्यक्ष असलेल्या नाझारेनोने पत्त्यांतला आपला जोडीदार एर्सिलियो याला गळ घातली. "नावापुरता उभा राहा रे. हरायचंच तर आहे, त्यात तुझा हात कोण धरणार?"

एर्सिलियो उभा राहिला, पण त्याची झोप उडाली. "एकही मत नाही पडलं तर रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जाऊ?" हे त्याने न्हाव्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्या कास्तेलफोस्कोला ऐकवलं.

गाव डोंगरातलं, मनाने भलं. नाझारेनो काय, येतोच आहे निवडून. बिचाऱ्या एर्सिलियोला माझं तरी एक पडू दे, असं ज्याने त्याने मनाशी म्हटलं आणि कोणालाच सांगितलं नाही.

निकाल लागला. एर्सिलियो त्र्याऐंशी, नाझारेनो एक.

एर्सिलियो रडकुंडीला आला. "देवाशप्पथ सांगतो, ते एक माझं होतं!"

"ठाऊक आहे रे गाढवा," नाझारेनो म्हणाला. "त्या त्र्याऐंशीत माझंही आहे."